स्पीकर सुचवा: आईला रेडिओ, लेकीला तानपुरा, गावच्या देवळात भजन

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. घरासाठी स्पीकर घ्यायचाय. एकच घ्यावा की वेगवेगळे, इथूनच गोंधळ आहे. गरजा अशा:

आई पंचाहत्तरीच्या पुढे. सकाळी रेडिओ आणि अभंग ऐकते. मोबाईल तिला जमत नाही, डोळ्यांनाही बारीक अक्षर दिसत नाही.
लेक अकरा वर्षांची, गाणं शिकते. रोज संध्याकाळी फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावून बसते. फोनचा आवाज अगदीच पत्र्यासारखा येतो.
आणि गाव खानापूर तालुक्यात. तिथल्या भजनी मंडळासाठी आम्ही चार घरं मिळून काहीतरी देणार आहोत, माईकसकट. गावात पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही.

घरातल्या दोन गरजांसाठी माझे साधारण पंधरा हजार. मंडळाचे पैसे वेगळे. इथं बेळगावात खडेबाजारात एका दुकानात विचारलं तर त्यांनी एक उंच डबा दाखवला, त्यावर ‘५००० वॅट’ लिहिलेलं. तो घ्यावा का?

वायरमन अनगोळ
नको ओ. ५००० वॅट म्हणजे पीएमपीओ, क्षणभराच्या कमाल धक्क्याचा कागदोपत्री आकडा. तो मोजायची ठरलेली पद्धतच नाही, कंपनी वाटेल तो छापते. तुम्ही ‘आरएमएस’ किती ते विचारा, म्हणजे स्पीकर सतत किती ताकद देतो ते. त्या डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ४० किंवा ५० वॅट आरएमएस लिहिलेलं सापडेल.

आणि आरएमएस दुप्पट झाला म्हणून आवाज दुप्पट होत नाही. ताकद दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात, ते कानाला जेमतेम जाणवतं. कानाला दुप्पट वाटायला ताकद दहापट लागते. म्हणून २० वॅट की ३० वॅट यावर घरच्या खोलीत डोकं शिणवू नका.

कॅम्प कॉर्नर
जेबीएल फ्लिप घ्या, विषय संपला. सगळ्यांना एकच.

शहापूरची अक्का
विषय कसा संपला? आजी तो चालू कशी करणार? त्याला फोन जोडल्याशिवाय तो मुकाच. घरातली सगळी कामावर, शाळेत गेली की आजींनी बघत बसायचं का?

आमच्या सासूबाईंसाठी आम्ही हाच विचार केला होता. म्हाताऱ्या माणसाला आवाज किती भारी आहे यापेक्षा बटण कुठं आहे ते महत्त्वाचं. फिरवायचं गोल बटण हवं, दाबून धरायचं नको. ‘एकदा दाबलं की पुढचं गाणं, धरून ठेवलं की आवाज वाढतो’ असली बटणं त्यांना कधीच जमत नाहीत, आणि जमत नाही म्हणून त्या मागतही नाहीत, गप्प बसतात. ते मला फार लागतं. सारेगामाचा कारवां मराठीतही येतो, गाणी आत भरलेली असतात, नेट लागत नाही, फोन लागत नाही. जुना एचएमव्हीचा संग्रह त्यांच्याचकडे, त्यामुळं आजींच्या ओळखीचे आवाज भेटतात.

जांबोटी रोड
अक्कांशी सहमत. फक्त एक बघा. कारवांच्या वेगवेगळ्या मॉडेलांत रेडिओ वेगवेगळा असतो. काहींत फक्त एफएम असतो. तुमच्या आई कुठलं केंद्र ऐकतात?

टिळकवाडीकर
सांगली आणि धारवाड. सांगलीवर मराठी, धारवाडवर सकाळचं शास्त्रीय. एफएमवर वेणुध्वनीही लावते कधी कधी. जुना रेडिओ आता नुसता खरखरतो.

जांबोटी रोड
मग थोडं सविस्तर लिहितो, कारण हे कोणी सांगत नाही.

केएलई संस्थेचं वेणुध्वनी ९०.४ एफएमवर, ते बेळगाव शहरात कुठल्याही एफएमवर लागेल. पण सांगली आणि धारवाड इतक्या लांबून आपण ऐकत आलो ते मीडियम वेव्हवर. एफएमचा पल्ला जवळपास नजर पोचेल तेवढाच, मीडियम वेव्ह जमिनीला धरून लांब जाते. त्यामुळं खोक्यावर ‘एएम’ किंवा ‘एमडब्ल्यू’ लिहिलंय का ते आधी बघा. ब्लूटूथ स्पीकरवर ‘रेडिओसहित’ लिहिलेलं असलं तरी बहुतेक वेळा तो फक्त एफएमच असतो.

आता खरखर. रेडिओ जुना झाला म्हणूनच ती येते असं नाही. एलईडी बल्ब, मोबाईलचे स्वस्त चार्जर, इन्व्हर्टर, सेटटॉप बॉक्सचा ॲडॉप्टर, हे सगळे मीडियम वेव्हवर कचरा सोडतात. एकदा रेडिओ सेलवर लावा आणि घरातला एकेक ॲडॉप्टर काढून बघा. कुठला चोर आहे ते सापडतं. नवीन रेडिओ आणला आणि तो त्याच चार्जरशेजारी ठेवला तर तोही खरखरणार.

दुसरं, मीडियम वेव्हचा अँटेना आतच असतो, काळ्या कांडीवर गुंडाळलेली तार. ती वर ओढायची दांडी एफएमची, तिचा इथं उपयोग नाही. ही कांडी दिशा पकडते. कांडीचं टोक केंद्राकडं असेल तर आवाज बसतो, कांडी केंद्राच्या दिशेला आडवी धरली की खुलतो. बेळगावहून सांगली उत्तरेला आणि धारवाड आग्नेयेला. म्हणून एका केंद्राला चांगला लागणारा रेडिओ दुसऱ्याला थोडा फिरवून ठेवावा लागतो. टेबलावर दोन खुणा करून द्या, आईंना दिशा लक्षात ठेवायला नकोत.

टिळकवाडीकर
हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. देव्हाऱ्याशेजारी एलईडीची माळ आहे आणि रेडिओ तिथंच असतो! आज रात्रीच बघतो.

कॅम्प कॉर्नर
रेडिओसाठी इतका खटाटोप कशाला? आकाशवाणीचं न्यूजऑनएअर ॲप आहे, त्यावर सगळी केंद्रं स्वच्छ लागतात. किंवा अलेक्सा घ्या. आजी नुसतं बोलल्या की रेडिओ चालू.

शहापूरची अक्का
अलेक्साशी मराठीत बोलता येतं का?

हिंडलगा गणपती रोड
अक्का, आमच्याकडं अलेक्साचा इको डॉट स्पीकर आहे. तिच्याशी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलावं लागतं. मराठी गाणं मागितलं तर लावते, पण अभंगाचे शब्द तिला नीट कळत नाहीत, भलतंच काहीतरी लागतं. आमच्या घरात मी मराठी बोलते, सूनबाई कानडी, नातू शाळेतलं इंग्रजी. नातवाचं तिच्याशी छान जमतं. माझं म्हणाल तर नातवाला सांगते आणि तो तिला सांगतो.

ज्यांना हिंदीत बोलायची सवय आहे आणि हात थरथरतात, त्यांना मात्र हा प्रकार खरंच सोयीचा. माझ्या एका मैत्रिणीला संधिवात आहे, बटण दाबवत नाही. औषधाची वेळ, बातम्या, गाणी, सगळं ती बोलून करते. त्यामुळं नावं ठेवणार नाही.

वायरमन अनगोळ
इको डॉटला आत बॅटरी नसते हे ध्यानात ठेवा. लाईट गेली की ती बंद. आणि तिच्यासोबत वायफायचा राउटर पण बंद. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावला तर नेट राहतं, पण स्पीकरला इन्व्हर्टर लागणारच. ज्यांच्याकडं इन्व्हर्टर नाही त्यांनी बॅटरीवालाच घ्यावा.

सुळेभावी रोड
मुलीच्या तानपुऱ्याकडं कुणी वळलं नाही, म्हणून लिहितो. मी गाणं शिकवतो. माझ्या मते या धाग्यातली ही सगळ्यात महत्त्वाची गरज आहे, कारण मूल रोज जे ऐकेल त्यावर त्याचा कान घडतो.

टिळकवाडीकर, मुलगी कुठल्या पट्टीत गाते?

टिळकवाडीकर
काळी चार.

सुळेभावी रोड
काळी चारचा, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा, षड्ज साधारण २०८ हर्ट्झ. तानपुऱ्याची शेवटची तार खर्जाची, ती त्याच्या निम्मी, १०४ हर्ट्झ. आता स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स’ असा आकडा असतो, म्हणजे किती खालच्या स्वरापासून किती वरच्यापर्यंत तो वाजवतो ते. तळहातावर मावणाऱ्या जेबीएल गो ३ चा तो ११० हर्ट्झपासून सुरू होतो. म्हणजे मुलीची खर्जाची तार नेमकी उंबरठ्यावर. फ्लिप ६ चा ६३ पासून. तिथं खर्ज पूर्ण येतो. हेच एखादा पुरुष काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास, त्याला छोटा स्पीकर अजिबातच पुरत नाही.

खानापूर स्टेशन
सर, एक शंका. मी छोट्याच स्पीकरवर तानपुरा लावतो आणि मला खर्ज ऐकू येतो. मग तो कुठून येतो?

सुळेभावी रोड
चांगला प्रश्न. तानपुऱ्याच्या तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वर निघतात. जवारी, म्हणजे घोडीवर तारेला मिळणारी झणझण, नीट लागलेली असेल तर हे वरचे स्वर फार ठळक असतात. छोटा स्पीकर मूळ स्वर गाळतो, पण वरचे वाजवतो, आणि त्यांच्यातलं अंतर ओळखून आपला मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणून सूर कळतो. पण तो भरीवपणा, ज्यावर आवाज टेकवायचा, तो मिळत नाही. शिकलेल्या माणसाचं त्यावर भागतं. शिकणाऱ्या मुलाला खरा खर्ज ऐकवावा, असं माझं ठाम मत आहे. शक्य असेल तर वर्षातून एकदा मिरजेला नेऊन तानपुरे बनवणाऱ्यांच्या दुकानात नुसतं बसवा. तो आवाज एकदा कानात गेला की स्पीकर निवडणं सोपं होतं.

तुमच्या बजेटमध्ये मी काय करेन ते सांगतो. स्पीकर फ्लिपच्या आकाराचा, कुठल्याही चांगल्या कंपनीचा. ‘एक्स्ट्रा बास’ किंवा ‘बास बूस्ट’ असेल तर तो बंद करता येतो का बघा, कारण फुगवलेल्या बासमध्ये खर्जाची तार बाकी तिन्ही तारांना गिळते. दुकानात जाताना फोनवर मुलीच्या पट्टीचा तानपुरा लावून तोच ऐका. दुकानदार सिनेमाचं दणदणीत गाणं लावतो, त्यावर सगळेच स्पीकर छान वाटतात.

स्पीकर मुलीच्या मागे, कानाच्या उंचीवर ठेवा. जमिनीवर किंवा कोपऱ्यात ठेवला की भिंतींमुळं खालचे स्वर फुगतात. आवाज तिच्या गाण्यापेक्षा कमी असावा. आणि फोन विमान मोडवर टाकून ब्लूटूथ पुन्हा चालू करायचं, म्हणजे मधेच फोन वाजून सूर तुटत नाही.

निपाणी नाका
सर, ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा येतो ना? माझा मुलगा तबल्याचं ॲप वापरतो, त्याला चालेल?

सुळेभावी रोड
ठेका ॲपमधून येतोय आणि मुलगा त्यावर गातोय किंवा पेटी वाजवतोय, तर काहीच अडचण नाही. ठेका उशिरा आला तरी तो पूर्णच उशिरा येतो, मुलगा जे ऐकतो त्याच्याशी लय धरतो. पण मुलगा फोनच्या पडद्यावर बोटानं पेटी वाजवत असेल आणि आवाज ब्लूटूथवरून येत असेल, तर स्वर दाबल्यावर सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा उशीर लागू शकतो. त्यात लय सांभाळता येत नाही. तिथं वायरच हवी. हल्लीच्या बऱ्याच स्पीकरला वायरचं भोकच नसतं, फ्लिप ६ ला नाही, गो ३ लाही नाही. त्यामुळं घ्यायच्या आधी बघा.

वायरमन अनगोळ
टीव्हीचं पण तेच. ब्लूटूथ स्पीकर टीव्हीला जोडला की ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. काही टीव्हीत तो फरक जुळवायची सोय असते. पण टीव्हीसाठी घेणार असाल तर साउंडबार घ्या आणि एचडीएमआय एआरसीनं जोडा. टीव्हीच्या ज्या भोकाशेजारी ‘एआरसी’ लिहिलंय तिथंच वायर लावायची, दुसऱ्यात लावली तर आवाज येत नाही.

मंगाई गल्ली
धागा ताब्यात घेत नाही, पण विचारतो. माझं वय सत्तर. जुनी शास्त्रीय ध्वनिमुद्रणं ऐकतो. मल्लिकार्जुन मन्सूरअण्णा, गंगूबाई हनगल, कुमार गंधर्व. कुमारजी तर आपल्या सुळेभावीत जन्मलेला माणूस, त्यांच्या जन्मशताब्दीपासून पुन्हा सगळं क्रमानं ऐकायला घेतलंय. बजेट पंचवीस हजारांपर्यंत. मुलगा म्हणतो मोठा सबवूफरवाला संच घेऊ. मला तो आवाज सोसत नाही.

सुळेभावी रोड
काका, मुलाला थांबवा. जुन्या तबकड्या आणि आकाशवाणीची जुनी मुद्रणं मोनो आहेत, म्हणजे आवाज एकाच वाटेनं नोंदवलेला. दोन बाजूंना दोन वेगळे आवाज त्यात नाहीतच. शिवाय त्यात अगदी खालचे स्वर फारसे उतरलेलेच नाहीत. सबवूफर लावला की तबकडीची घरघर आणि तबल्यातल्या डग्ग्याचा गोळा तेवढा मोठा होतो. तुम्हाला हवा आहे मधल्या पट्ट्यातला स्वच्छपणा, जिथं माणसाचा गळा आहे.

दोन बुकशेल्फ स्पीकर घ्या, आतच ॲम्प्लिफायर असलेले. एडिफायरचे आर १२८० मालिकेतले बघा, तुमच्या बजेटच्या बऱ्याच आत येतील. त्याला वायरनंही जोडता येतं. लाकडी टेबलावर, भिंतीपासून हातभर पुढे. उरलेल्या पैशात एक चांगली खुर्ची.

मंगाई गल्ली
मनापासून आभार. मुलाला हा धागाच वाचायला देतो.

खानापूर स्टेशन
आता मंडळाचं बोलू. आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी ट्रॉली स्पीकर घेतला, चाकं असलेला, सोबत दोन माईक. सप्ताहात छान वाजला, मग वर्षभर देवळाच्या कपाटात पडून राहिला. पुढच्या सप्ताहात बॅटरी अर्धा तासही टिकली नाही. दुकानदार म्हणाला वॉरंटीत बॅटरी येत नाही.

वायरमन अनगोळ
अशा बऱ्याच डब्यांत १२ व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी असते, यूपीएसमध्ये असते तसली. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या पत्र्यांवर सल्फेट धरतं आणि ती कायमची कमजोर होते. वाजो न वाजो, महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करणं हाच उपाय. एकादशीला चार्ज करायची असं ठरवून टाका, मंडळाच्या लक्षात राहतं. बॅटरी बदलून मिळते, फार महाग नसते, नेहमीच्या मापाची असेल तर कुठल्याही बॅटरीवाल्याकडं मिळेल. घेतानाच पाठ उघडून बॅटरीचं माप बघून ठेवा.

लिथियमवाल्यांचं उलट. ती पूर्ण भरून ठेवायची नाही, निम्म्यावर ठेवायची, आणि उन्हात, गाडीच्या काचेमागं अजिबात नाही.

बिनवायरचा माईक यूएचएफ, म्हणजे वरच्या रेडिओ पट्ट्यावर चालणारा, घ्या. स्वस्तातले खालच्या पट्ट्यावरचे व्हीएचएफ असतात, त्यात खरखर आणि तुटातूट जास्त.

जांबोटी रोड
आमच्या बाजूच्या पावसाबद्दल सांगतो. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे चालतात. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो. छोट्या ब्लूटूथवाल्यांना हे मिळतं. ट्रॉलीवाल्यांना सहसा कसलंच संरक्षण नसतं. कणकुंबी, जांबोटीकडं जूनपासून भिंतींना ओल येते. तिथं लाकडी भुशाच्या फळीचा डबा फुगतो. प्लॅस्टिकचा डबा घ्या, आणि ठेवताना जमिनीवर नको, पाटावर, फडक्यानं झाकून. गोधडीत गुंडाळला की ओल आतच कोंडते.

बाजार गल्ली वडगाव
घ्यायचा कुठून? ऑनलाईन स्वस्त पडूलंय.

हिंडलगा गणपती रोड
लहान स्पीकर ऑनलाईन घेतला तर चालतं. मंडळाचा मोठा डबा मात्र गणपत गल्ली, खडेबाजार, जिथं ओळख असेल तिथून पक्क्या बिलावर घ्या. दोन प्रश्न विचारा: दुरुस्ती बेळगावात होते की हुबळी-कोल्हापूरला पाठवावा लागतो, आणि माईक वेगळा विकत मिळतो का. माईक पडून फुटतो तो पहिल्याच वर्षी. वीस किलोचा डबा कुरियरनं परत पाठवायची वेळ आली तर फार त्रास होतो.

खोक्यावर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण आणि ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा. नामांकित कंपन्यांच्या हुबेहूब नकला रस्त्यावर मिळतात, त्यांच्या बॅटरीचा भरवसा नाही आणि घरात लहान मुलं असतात.

टिळकवाडीकर
सर्वांचे आभार. काय ठरलं ते लिहितो. देव्हाऱ्याची माळ बंद केली आणि रेडिओ निम्मा सुधारला! तरी बटण झिजलंय म्हणून आईला मीडियम वेव्ह असलेला नवा साधा रेडिओ, सेल आणि वायर दोन्हींवर चालणारा, पेन ड्राईव्हची जागा असलेला. अभंग पेन ड्राईव्हवर भरून देणार. लेकीला फ्लिपच्या मापाचा स्पीकर, तिला सोबत नेऊन तिच्याच पट्टीवर ऐकून घेऊ. अलेक्सा सध्या नाही.

मंडळाचा डबा पुढच्या आठवड्यात. एकच विचारायचंय. देऊळ दगडी आहे, छोटं. मागं उसना स्पीकर आणला होता तेव्हा माईक सुरू केला की कूंऽऽ असा आवाज यायचा आणि शब्द एकमेकांत मिसळायचे.

शहापूरची अक्का
पेन ड्राईव्ह ३२ जीबीचाच घ्या आणि फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करा. त्याहून मोठे ड्राईव्ह असे साधे रेडिओ बऱ्याचदा वाचत नाहीत. एका फोल्डरमध्ये एकाच प्रकारची गाणी ठेवा. हरिपाठ संपला की मधेच लावणी लागली तर आजी चिडतील.

सुळेभावी रोड
दगडी देवळाचं उत्तर देतो. माईकमधला आवाज स्पीकरमधून येतो, भिंतीवर आपटून पुन्हा माईकमध्ये शिरतो, त्याचीच ती कूं. स्पीकर गाणाऱ्यांच्या पुढे, तोंड ऐकणाऱ्यांकडं करून ठेवा. माईक नेहमी स्पीकरच्या पाठीमागं राहिला पाहिजे. डब्यावरचं ‘एको’चं बटण शून्यावर, कारण दगडी गाभाराच पुरेसा घुमतो. स्पीकर जमिनीवरून उचलून बसलेल्या माणसांच्या डोक्याच्या वर, स्टुलावर ठेवा आणि जरा खाली झुकवा, म्हणजे आवाज भिंतीऐवजी माणसांवर पडतो. लोक बसले की घुमणं आपोआप कमी होतं, रिकाम्या देवळात ठरवलेला आवाज त्या वेळी थोडा वाढवावा लागेल.

गाणाऱ्यानं माईकच्या जवळ गायचं. तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल जास्त मिळतात, तेवढा स्पीकर खाली आणता येतो. मृदंगाला आणि टाळांना माईक देऊच नका. छोट्या देवळात ते तसेच भरपूर पोचतात, दबतो तो गळा.

खानापूर स्टेशन
आणि रात्री दहाला स्पीकर बंद. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर मनाई आहे. काकडा पहाटे लवकर असतो, तो आम्ही नुसत्या टाळांवर म्हणतो.

टिळकवाडीकर
आमचाही काकडा पाचला असतो. मंडळाला आधीच सांगून ठेवतो. स्टूल देवळात आहे, झुकवायला खाली लाकडी पाचर करून घेतो.